चालवून दाखवा

"चालवून दाखवा," डॉक्टर म्हणाले, आणि शामकांतच्या हातातली साखळी घामाने निसटली. डिसेंबरातली सकाळ होती, घाम यायचं काही कारण नव्हतं. गुरांच्या दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली दोन म्हशी आणि खोड्यात अडकवलेला एक बैल आपापल्या दुखण्यासह शांतपणे उभे होते. दुष्काळाच्या वर्षी शांत राहायचं असतं हे त्यांनाही कुणी सांगितलं असावं. त्यांच्यासमोर एका अल्सेशियन कुत्र्याला चालवून दाखवायचं म्हणजे जरा थाटाचंच काम होतं. पण घाम त्याचा नव्हता. घाम त्या दोन शब्दांचा होता. ते शब्द ह्याच आवाजात नाही, पण ह्याच सुरात त्याने पूर्वी एकदा ऐकले होते. श्रीगोंद्याला, एका माजघरात, लोडाला टेकून बसलेल्या त्याच्या काकांनी सुपारी कातरता कातरता ते म्हटले होते, आणि समोर कुत्रं नव्हतं.

"अवो भाऊसाहेब, ऐकताय ना? आधी माझ्यापासनं लांब न्या. मग माझ्याकडं आणा. मला मागनं बघायचंय."

शामकांतने साखळी उचलली. "चल रे, मामलेदार."

म्हशीवाला चमकून उभा राहिला आणि मग कुत्र्याकडे बघून खाली बसला. हे नाव शामकांतने विचार करून ठेवलं होतं. मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून त्याने नोकरी संपवली होती, आणि एवढ्या नोकरीत मामलेदार आत आला की तो उभा राहिला होता. निवृत्तीनंतर, आपण आत आलो की उभा राहील असा एखादा मामलेदार घरात असावा, एवढीच त्याची इच्छा होती. शेजारच्या निवृत्त सुभेदार सहादेवने कॅम्पातल्या कुणा साहेबाच्या कुत्रीचं पिल्लू आणून दिलं आणि इच्छा पुरी झाली. वर्षभर मामलेदार उभा राहिला. शेपूट हलवत, पुढचे पाय शामकांतच्या छातीवर ठेवून उभा राहिला. मग दिवाळीच्या सुमाराला तो उभा राहताना विचार करायला लागला. नंतर एका कुल्ल्यावर कलून बसायला लागला. नंतर पळताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलायला लागला, सशासारखे. रस्त्यातली पोरं हसायची आणि शामकांतलाही आधी हसूच आलं होतं. आता उभं राहायचं म्हटलं की तो आधी पुढचे पाय रोवायचा, मागचं अंग ओढून घ्यायचा, आणि मध्येच थांबून शामकांतकडे असा बघायचा, की कागद पुढं सरकत नाही, जरा वरून शब्द टाका.

शामकांत त्याला घेऊन लिंबापर्यंत गेला आणि परत आला. मामलेदारची मागची बाजू पाण्यावरच्या होडीसारखी डावी-उजवीकडे झुलत होती. आणि साखळी वाजत होती. एक पाऊल गप्प, एक पाऊल किण्. एक पाऊल गप्प, एक पाऊल किण्. शामकांतचे कान त्या आवाजाला लागले आणि तो आवार, लिंब, म्हशी सगळं सोडून त्या माजघरात जाऊन उभा राहिला. तिथे विजयाला आधीपासूनच पाटावर बसवून ठेवलं होतं. पाहायला आलेल्या मंडळींपुढे मुलगी आतून येते, ही मात्र आधीच आणून बसवलेली; हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, काकांच्या आलं. "मुलीला जरा चालवून दाखवा," काका म्हणाले. तिच्या मामांनी लगेच उसाच्या भावाविषयी मोठमोठ्याने बोलायला सुरुवात केली. ती उठली. कुणीतरी तिच्या हातात चहाचा ट्रे दिला, म्हणजे चाल सावकाश झाली तरी ती चहासाठी आहे असं वाटावं. तो मान खाली घालून बसला होता, त्या काळी मुलगेही मान खाली घालीत. त्यामुळे तिचं चालणं त्याने पाहिलं नाही, ऐकलं. एक पाऊल गप्प, एक पाऊल किण्. कपबशा सांगत होत्या. काकांनी सुपारी तोंडात टाकली, आता ते काहीतरी बोलणार हे त्याला कळलं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "चहा छान झालाय." चहा अजून त्याच्यापर्यंत पोचलाही नव्हता. सगळे इतके हसले की लग्न ठरलं.

"हं," डॉक्टर म्हणाले. हे डॉक्टर आसाराम दरंदले मूळचे सोनईचे, मुंबईला शिकलेले. "हे बघा, मी म्हशीचा डॉक्टर हाय. कुत्री म्हंजे माझ्याकडं पिसाळलेली येत्यात, न्हाईतर येतच न्हाईत. पण हे दुखणं मी शिकलोय." त्यांनी मामलेदारला आडवा पाडला, एक हात त्याच्या कमरेवर ठेवला आणि दुसऱ्याने मांडी धरून हळूच बाहेर वळवली. आत कुठेतरी कट् झालं. मामलेदारने मान वळवून डॉक्टरांचा हात दातांत धरला, चावला नाही, नुसता धरून ठेवला.

"ऐकलंत? हा खुब्याचा सांधा. उखळ आणि मुसळ समजा. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या उखळात बसतो. ह्याचं उखळ उथळ हाय. मग मुसळ जाग्यावर राहत न्हाई, घसरतं, घासतं, आन् हाड झिजतं. सोड रे बाबा, झालं." मामलेदारने हात सोडला. "फोटो काढून घ्या एक. माणसांचा एक्सरेवाला तयार असला तर."

माणसांचा एक्सरेवाला तयार झाला, कारण तो मामलेदार कचेरीत कधीकाळी शामकांतकडे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आला होता. मामलेदारला उताणा निजवून मागचे पाय सरळ ताणून धरायचे होते. शिशाचा जड अंगरखा घालून शामकांतने ते धरले, आणि अंधाऱ्या खोलीत त्या केसाळ मांड्यांमधली थरथर त्याच्या तळव्यांतून कोपरापर्यंत चढत राहिली. आपण इतकी वर्षं एका घरात राहिलो, पण विजयाची मांडी, तिचा खुबा दुखतो तेव्हा, आपण अशी हातात धरली आहे का? नाही. ती दार लावून घेते. तेलाचा वास येतो, ओव्याचा. दार उघडतं तेव्हा ती म्हणते, आज आमटी जरा पातळ झालीय हं.

फोटोत डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं. गोळे बशीत ठेवलेल्या लिंबांसारखे कडेला टेकले होते. "हे जल्मतः असतं. रक्तातनं येतं. ह्याची पिलं धरू नका कधी. पण बी असलं तरी खतपाणी तुमी घातलंत. खायला काय देता?"

"भाकरी, दूध," शामकांत म्हणाला. मग सरकारी कामात न येणारा प्रामाणिकपणा त्याच्या अंगात आला. "साजूक तूप. आणि थंडी सुरू झाल्यापासून डिंकाचे लाडू."

"डिंकाचे लाडू?"

"हाडांसाठी. पाय लटपटायला लागले म्हणून बायकोने सुरू केले. रोज एक."

"बाळंतीण हाय का कुत्रं?" डॉक्टर म्हणाले. "आन् तुमी काय देता? मंडळींच्या मागं?"

शामकांतने मागचा लिंब न्याहाळला. "जिलबी. क्वचित."

"म्हंजे दोघं मिळून त्याच्या कमरेवर बसलाय. पिल्लू झपाट्यानं वाढलं की हाडं आन् सांधे यांचा मेळ राहत न्हाई, आन् वजन सगळं त्या उखळावर. आता ऐका. खाणं निम्म्यावर. हात फिरवला तर फासळ्या लागल्या पाहिजेत. जिने न्हाई, उड्या न्हाई. सकाळ-संध्याकाळ मातीतनं सावकाश चालवायचं, थोडंच, पण चुकवायचं न्हाई. थंडीत अंथरूण, शेक. लई दुखलं तर गोळी देतो, पोटात अन्न असताना द्या. खरं म्हंजे पोहायला लावा म्हणायला पाहिजे, पण—" नगरात त्या वर्षी माणसांना नळ एक दिवसाआड यायचा. दोघांनी त्या विषयाला दोन मिनिटं मौन पाळलं. "आन् घसरड्या फरशीवर चालू द्यायचं न्हाई. फरशी कशी हाय घरात?"

"मोझेक," शामकांत म्हणाला. हा शब्द एरवी तो छाती काढून म्हणत असे.

"होळीपर्यंत बघू. मी येतो घरी, सावेडीकडं येणं असतं माझं. बरा हुनार न्हाई, पण दुखणं ताब्यात येतंय का बघू. न्हाई आलं तर..." डॉक्टरांनी मामलेदारचं कपाळ खाजवलं. "तर इंजेक्शन देऊन सोडवू त्याला. नुसतं जगवणं म्हंजे दया न्हवं, भाऊसाहेब."

घरी जाताना टांग्यात मामलेदारचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. शामकांत मनातल्या मनात बोलायची भाषा तयार करत होता. कचेरीत मामलेदारांपुढे ठेवायच्या टिपणीत काय घालायचं आणि काय वगळायचं यात त्याचा हात कुणी धरला नसता. उखळ सांगायचं. मुसळ सांगायचं. लाडू सांगायचे, जिलबी नाही. जन्मापासून असतं, हे सांगायचं का? रक्तातून येतं, हे? आणि शेवटचं ते? त्याला दिसत होतं, विजया तांदूळ निवडत असेल, आणि आपण म्हणू की ज्याचा खुबा जन्मतः सरकलेला असतो त्याला होळीपर्यंत बघून मग सोडवतात, आणि तिची बोटं ताटात जरा थांबतील. कुत्र्याविषयी ह्या घरात कुठलंही वाक्य कुत्र्यापाशी थांबणार नव्हतं. लग्नानंतर दोघांनी मिळून एक गोष्ट न बोलून इतकी नीट सांभाळली होती की तिला एव्हाना दागिन्याची किंमत आली होती. त्याला नीलांबरी आठवली, आता पुण्याला संसारात असलेली. वर्षाची होती, जुन्या घराच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा भिंत सोडून उभी राहिली. विजया चुलीपाशी, पाठमोरी. तो पेपर वाचत होता. पोरीने एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसरं. विजयाने मान वळवली नाही, पण तिच्या हातातली पळी कढईवर हवेत थांबली होती, आणि तो पेपर उलटा धरून वाचत होता. पोर सरळ चालत पेपरावर येऊन आदळली. मग पळी खाली आली. "बघितलंत का, चालली वाटतं," ती म्हणाली. "हो का? कधी?" तो म्हणाला.

"काय म्हणाले?" विजयाने विचारलं. ती खरंच तांदूळ निवडत होती. त्याने टिपणी सादर केली.

"आणखी काय म्हणाले?"

"आणखी काही नाही."

तिने एक खडा बाजूला टाकला. "बरं," ती म्हणाली. ह्या एका शब्दात तिने त्याची पुरी टिपणी परत पाठवली होती.

जे त्याने गाळलं ते दुसऱ्या दिवशी सुभेदाराने व्हरांड्यात बसून, चहा पिऊन, मोफत पुरवलं. डॉक्टर त्याला वाटेत भेटले होते. "वैनी, तुमी जिवाला लावून घिऊ नका. फौजेत असलं जनावर एका दिवसात मोकळं करत्यात. पायानं अधू म्हंजे कामातनं गेलं."

विजया कपबशी उचलायला वाकली होती. ती तशीच थांबली. शामकांतने व्हरांड्यातल्या तुळशीकडे इतकं लक्ष दिलं की तुळस संकोचली असेल.

"असं होय," विजया म्हणाली. "तरीच फौजेत कुणी म्हातारं होत नाही. तुम्ही कसे सुटलात, सुभेदार?"

सुभेदार चप्पल विसरून गेला. पण दुपारी परत आला तो डोक्यावर रिकाम्या पोत्यांचा गठ्ठा घेऊन. रेशनच्या दुकानात लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, आला होता, त्याची गोणपाटं. "जमिनीवर आंथरा," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "कुत्रं घसरायचं न्हाई."

हे घर शामकांतने निवृत्तीच्या पैशात बांधलं होतं, आणि मोझेक विजयासाठी घातलं होतं. शेणाने सारवलेल्या जमिनी तिने आयुष्यभर गुडघ्यावर बसून सारवल्या, आता फडकं फिरवलं की आरसा. वास्तुशांतीला बायका त्या फरशीवर स्वतःची तोंडं बघत होत्या. आता तो गुडघ्यावर बसून त्या आरशावर गोणपाट अंथरत होता, दाभणाने एकाला एक जोडत होता, आणि खोलीत कोठीसारखा, उन्हाचा आणि तागाचा वास भरत होता. गुडघ्यावर बसल्यामुळे त्याचे डोळे प्रथमच भिंतीच्या त्या उंचीला आले. भिंतीवर रेघ होती. नव्या पिवळ्या रंगावर, फिकट, तेलकट, विटकरी, कमरेच्या जरा वर. तो रांगत तिच्या मागे गेला. ती स्वयंपाकघरातून निघाली होती, माजघराच्या कडेने वळली होती, दाराच्या चौकटीवर जरा गडद झाली होती, आणि बाथरूमपर्यंत जाऊन परत आली होती. रंगाऱ्याला बोलावून झाडावं, असं आधी त्याच्या मनात आलं. मग त्याने त्या रेघेवर आपला तळवा टेकवला. तळवा त्या उंचीवर बसला नाही. तो आखूड हाताचा, आतून ओव्याच्या तेलाचा वास असलेल्या तळव्याचा रस्ता होता. दीड वर्षं ती ह्या आरशावरून भिंतीला धरून चालत होती, आणि आल्यागेल्याला सांगत होती, "ह्यांनी हौसेनं मोझेक घातलंय." मामलेदार दारात बसून हे बघत होता. घसरतं हे त्याने सांगितलं तरी. कमरेवर आपटून, चारी पाय चार दिशांना पसरून, अर्ज-विनंती न करता सांगितलं.

शामकांतने मग फक्त कुत्र्याच्या वाटेवर गोणपाट घातलं नाही. कुत्रं बाथरूमला जात नाही, देवघरातही जात नाही, तिथपर्यंत घातलं. 

विजया दारात येऊन उभी राहिली. "हे देवघरात कशाला?"

"मामलेदार कधी कुठे तपासणीला जाईल, सांगता येत नाही."

तिने चौकट सोडली आणि गोणपाटावरून, खोलीच्या मधून, देवघरापर्यंत चालत गेली. निरांजनात वात घातली. तिला वात घालायला एवढा वेळ लागत नसे.

त्यानंतर दिवस एकाच चालीने गेले. लाडू बंद झाले. जिलबीच्या दुकानावरून जाताना शामकांत आणि मामलेदार दोघंही दुसरीकडे बघायचे. सकाळी शेक, मग दुखऱ्या मांडीला तेल. तेल लावायला विजया बसायची, पाय पसरून, आणि तिची बोटं न शोधता बरोबर जागा धरायची. "इथे ठणकतं त्याला," ती म्हणायची. "इथून सुरू होतं आणि मांडीत उतरतं. थंडीत सकाळी पहिलं पाऊल नको वाटतं. मग चार पावलं टाकली की सैल होतं." शामकांत ऐकायचा. इतक्या वर्षांत तिने हे सांगितलं नव्हतं. आताही सांगत नव्हती. कुत्र्याचं सांगत होती. एकदा त्याने ओव्याच्या तेलाची वाटी तिच्या बाजूने जरा जवळ सरकवली, आणि तिने ती न बघता राहू दिली. वाईट सकाळीही यायच्या. एकदा मामलेदार उठलाच नाही, नाक गोणपाटात खुपसून पडून राहिला, गोळी दिली तरी दुपारपर्यंत कण्हत होता, आणि तिने त्याचं डोकं धरून शामकांतला विचारलं, "होळी कधी आहे?" तो कॅलेंडरकडे बघायचा बहाणा करत उभा राहिला. त्या दिवशी त्याला कळलं की तीही मोजते आहे, आणि ती फक्त कुत्र्यासाठी घाबरलेली आहे, निव्वळ कुत्र्यासाठी, आणि आपण उगीच त्या भीतीत तिच्या पायाला ओढलं होतं.

संध्याकाळी तिघं कडेच्या मऊ मातीतून चालायला निघत. शामकांतला हळू चालणं नवं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा माळीवाड्याच्या गणपतीला जाताना तो आपल्या तेव्हाच्या लांब ढांगांनी पुढे निघून गेला होता, मागे वळला तेव्हा ती गर्दीत पदर सावरत भरभर येत होती आणि दुकानांतले लोक तिच्या पायांकडे बघत होते. तो जागीच बसला, चप्पल काढली, तळवा धरला आणि म्हणाला, "कुरूप झालंय. जोरात चालवत नाही." तेव्हापासून बायकोबरोबर असला की त्याचं कुरूप दुखे. कचेरीत जाताना दुखत नसे. विजयाने आठवडाभरात बिब्बा तापवून त्या निरोगी तळव्यावर चटका दिला होता, आणि तो नसलेल्या कुरुपासाठी पंधरा दिवस खरोखर लंगडला होता.

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी डॉक्टर दरंदले सायकलवरून आले. सुभेदार आधीच येऊन कठड्याला टेकून, सावधान आणि विश्राम यांच्या मधल्या अवस्थेत उभा होता. डॉक्टरांनी मामलेदारच्या फासळ्या चाचपल्या, मांडी वळवली. कट् झालंच. मामलेदारने हात दातांत धरलाच. मग ते रस्त्यात जाऊन उभे राहिले. "चला. चालवून दाखवा."

शामकांतने खुंटीवरच्या साखळीकडे हात नेला. साखळी तिथे नव्हती. विजयाने ती हातात घेतली होती. तिने पदर खोचला, व्हरांड्याची पायरी उतरली, एकटी, काही न धरता, आणि भर उन्हात रस्त्याच्या मधून चालू लागली. समोरच्या घरातल्या बायका वाळवण टाकायच्या थांबल्या. तिने ट्रे घेतला नव्हता, मामा उसाविषयी बोलत नव्हते. ती डावीकडे झुले, शेजारी कुत्रं झुले. कधी दोघं एकाच बाजूला, कधी एकमेकांच्या उलट. एक पाऊल गप्प, एक पाऊल किण्. शामकांतने मान खाली घातली नाही. नळाच्या खांबापाशी ती वळली, आणि आता ती त्याच्याकडे येत होती, सगळ्या रस्त्याने, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, घाई न करता, आणि त्याला पहिल्यांदाच दिसलं की हे चालणं कसं आहे. मधेच ती थांबली, कारण मामलेदार बसला होता. सुभेदार कठडा सोडून सावधान झाला. मामलेदारने पुढचे पाय रोवले, मागचं अंग गोळा केलं, शामकांतकडे बघितलं, शब्द टाकायची वाट पाहिली नाही, आणि उभा राहिला.

डॉक्टर कुत्र्याच्याच पायांकडे बघत होते. "इंजेक्शन राहू द्या," ते म्हणाले. "चालतंय की. दुखणार हाय, जल्मभर दुखणार हाय, पण चालतंय. असंच ठेवा. पुन्हा लाडू दिसले तर मीच पिसाळन."

"चहा टाकते," विजया म्हणाली. ती घामेजली होती. तिने साखळी शामकांतच्या हातात दिली, चौकटीला टेकली, आणि डॉक्टरांना म्हणाली, "आलाच आहात तर ह्यांचाही पाय बघा. कुरूप आहे. लग्नापासून."

"मी माणसांचा—"

"असू द्या. नुसतं बघा. अहो, चालवून दाखवा स्वतःला."

शामकांत रस्त्यावर उतरला. सुभेदार, डॉक्टर, समोरच्या बायका, सगळे बघत होते. त्याने साखळी सावरली आणि चालायला लागला, आणि कुरूप कुठल्या पायाला आहे हे त्याला काही केल्या आठवेना. मामलेदार मान वर करून वाट बघत होता. शेवटी त्याने मनाचा हिय्या करून उजवा पाय जरा ओढला.

"डावा!" मागून विजयाचा आवाज आला. त्यात हसू होतं, आणि ते थरथरत होतं. "अहो, डावा. बिब्बा डाव्याला घातला होता मी."

त्याने पाय बदलला.